कानांची सुटी

त्या मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, चौकशीच्या खिडकीमागे, एक अरुंद खोली आहे. एक टेबल, एक खुर्ची, कुरकुरणारा पंखा आणि टेलिफोनचा बोर्ड, एवढाच तिचा संसार. त्या खुर्चीवर अठरा वर्षं बसणाऱ्या बाईला दारावरच्या शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे ‘ऑपरेटर ताई’ म्हणतात. आपणही ताईच म्हणू.

ताईला दिसत नाही. तेविसाव्या वर्षी डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं सुरू झालं आणि दोन वर्षांत उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं उरलं. पण तिच्यासमोर उभं राहून हळहळायची कोणाची टाप नव्हती. तीनशे बारा एक्स्टेंशन नंबर तिला तोंडपाठ होते. कोणता डॉक्टर कोणत्या मजल्यावर आहे, हे ती त्याच्या फोनमागे वाजणाऱ्या ट्रॉलीच्या चाकांवरून सांगायची. एकदा बोललेला माणूस वर्षभराने पुन्हा बोलला तरी ती त्याला ओळखायची आणि माणूस गारच व्हायचा.

ती राहायची भावाकडे. म्हणजे दादाकडे. दादाची मोटार शिकवायची शाळा होती: एक जुनी गाडी, शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक, आणि गावाबाहेर शिकाऊंसाठी भाड्याने घेतलेलं एक मैदान. वहिनी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिलाईवर होती. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात. घरात तिघंच.

पळणं सुरू झालं ते कंबरेमुळे. आठ तास खुर्चीत बसून ताईची कंबर धरायला लागली. फिजिओथेरपीच्या बाईंनी तिला रोज चालायला सांगितलं. आता ताई एकटी कशी चालणार? वहिनी म्हणाली, “मी येते. माझंही पोट सुटलंय.” दोघी सकाळी सहाला कालव्याच्या रस्त्यावर जाऊ लागल्या. वहिनीने पँटच्या कमरपट्टीच्या कापडाची हातभर दोरी शिवली, दोन्ही टोकांना मनगट जाईल एवढे फासे ठेवले. एक फासा हिच्या हातात, एक तिच्या. चालणं महिनाभर टिकलं. मग ताईला कंटाळा आला.

“वहिनी, जरा पाय उचल ना.”

“उचलतेच आहे की.”

“म्हैस बरी तुझ्यापेक्षा.”

वहिनीला राग आला आणि रागाच्या भरात ती पळायला लागली. ताईही पळाली. शाळा सुटल्यापासून, म्हणजे पंचवीसेक वर्षांनी. शंभर पावलांत दोघींना धाप लागली आणि दोघी रस्त्यातच वाकून हसत सुटल्या. दुसऱ्या दिवशी दोनशे पावलं झाली. सहा महिन्यांत दोघी कालव्याच्या पुलापर्यंत न थांबता जाऊन येऊ लागल्या. कंबर केव्हा बरी झाली ते ताईला आठवतही नव्हतं.

वहिनी पळता पळता बोलायची. म्हणजे रस्ता सांगायचीच, “पायरी”, “खड्डा”, “सायकल येतेय”, पण त्याच्या मधल्या सगळ्या जागा ती स्वतःच्या बोलण्याने भरायची. कारखान्यातली मुकादमीण काय म्हणाली, शेजारणीने पडदे कोणत्या रंगाचे लावले, मुलीने फोनवर काय सांगितलं आणि काय लपवलं. चालू नळासारखं. ताई हूं-हूं करत पळायची.

त्या रस्त्यावर पळणाऱ्या बहुतेकांच्या कानात गाणी असायची. माणूस शेजारून जाई तेव्हा त्याच्या कानातून गळणारा बारीक चुकचुक आवाज ताईला ऐकू यायचा. सुराचा पत्ता नाही, नुसता ठेका. त्यात एक रुग्णालयातल्याच औषधदुकानाचा फार्मासिस्ट होता. डोक्यावर भलेमोठे हेडफोन लावून तो पळायचा आणि मधूनच बेसूर ओरडायचा. ताईने एक दिवस त्याला दुकानाच्या एक्स्टेंशनवर गाठलं.

“गाणी ऐकत पळलं की कसं वाटतं हो?”

तो विचारात पडला. मग म्हणाला, “ताई, पाय आपले राहतच नाहीत बघा. पळतं ते गाणं. आपण नुसतं त्याच्यामागे जायचं.”

तेवढ्यात दुसरी लाइन वाजली म्हणून ताईने फोन ठेवला. पण वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

तिने वहिनीला सांगितलं, तेव्हा वहिनी आधी हसली. “गाणी? आणि माझं ऐकणार कशाने, नाकाने?”

“एकच दिवस.”

“वन्सं, तुमचे कान म्हणजे तुमचे डोळे. ते बंद करून पळणार?”

“तू आहेस ना बरोबर.”

रविवारी सकाळी ताईने भाचीचे जुने इअरफोन कानात घातले आणि मोबाइलवर गाणं लावलं. ताई काहीतरी शांत, भावपूर्ण ऐकत असेल अशी वहिनीची समजूत होती. ताईने लावलं होतं ढोल-ताशांचं, अंगात वारं भरणारं नाचाचं गाणं. पहिली दोन मिनिटं ती गोंधळली. जग एकदम नाहीसं झालं होतं. मग ठेका पायांत उतरला आणि तिला फार्मासिस्टाचं बोलणं कळलं. खरंच पाय तिचे राहिले नव्हते. ती इतकी जोरात निघाली की वहिनीची फरफट व्हायला लागली.

पुलाशी रस्ता एक पायरी वर चढतो. वहिनी सवयीप्रमाणे ओरडली, “पायरी! वन्सं, पायरी!”

ताईच्या कानात ढोल वाजत होते.

ती आडवी झाली ती हनुवटीवरच. दोन टाके पडले, डावं मनगट मुरगळलं, आणि हे सगळं तिच्याच रुग्णालयात. अपघात विभागातली जी परिचारिका रोज फोनवर “ताई, जरा रक्तपेढी जोडून द्या” म्हणायची, तिनेच टाके घालायला डॉक्टरांना बोलावलं. वहिनी शेजारच्या बाकावर बसून रडत होती. तिच्या हुंदक्यांवरून ताईला कळत होतं की हे भीतीचं रडणं आहे, दुखल्याचं नाही.

दादा आला तो तापूनच. “रस्त्यावर कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवायचे, हे मी रोज गळा सुकेपर्यंत सांगतो लोकांना. आणि माझ्याच घरात हे! तुला गाणी ऐकायची तर घरी बसून ऐक. पळणं बंद.”

“पळणं बंद नाही होणार,” ताई म्हणाली. हनुवटीला पट्टी होती, त्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते. पण दादाला कळले.

“मग गाणी बंद.”

ताई गप्प बसली. दादाला वाटलं, पटलं हिला. लहानपणापासून ओळखत असूनही त्याला तसं वाटलं, याचं नवल आहे.

आठवडाभर ताई बोर्डावर बसून एकच विचार करत होती. चूक गाण्याची नव्हती, चूक ओरडण्याची होती. वहिनी तोंडाने सांगत होती आणि तोंडाचं ऐकायला कान मोकळे नव्हते. पण दोघींच्या मध्ये दोरी होती की! ती दोरी आजवर नुसती लोंबत होती. तिलाच बोलतं केलं तर?

संध्याकाळी वहिनी घरच्या मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. ताईने जाऊन सगळी योजना सांगितली. अमुक ओढ म्हणजे वळण, तमुक झटका म्हणजे थांब. वहिनी काहीच बोलली नाही. मशीन चालूच राहिलं. वहिनी गप्प बसते म्हणजे काहीतरी गंभीर, हे ताई जाणून होती.

“काय झालं?”

मशीन थांबलं. “सरळ सांगा ना वन्सं. माझी बडबड नकोय तुम्हाला.”

“अगं, तसं नाही.”

“मग कसं? कारखान्यात बारा मशिनं एकदम चालतात. शेजारणीला हाक मारली तरी ऐकू जात नाही. दिवसभर मुक्यासारखी बसते मी. घरी आले तर तुमचे दादा. ते शिकाऊंशी बोलून बोलून दमून येतात, त्यांच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे खिळा उपटायचा. मुलगी फोनवर पाच मिनिटं. सकाळचा तो एक तास बोलते मी, तर तुम्हाला कानात बोळे घालायचेत.”

ताईला हे कधी सुचलंच नव्हतं. सहा महिने ती हूं-हूं करत होती आणि आपण वहिनीवर उपकार करून ऐकतो आहोत अशा थाटात होती. तिला स्वतःचीच लाज वाटली. ती शेजारच्या स्टुलावर बसली.

“माझं एक ऐक,” ती म्हणाली. “तुझं बोलणं नकोय म्हणून नाही. मला ऐकणंच नकोय. आठ तास लोक माझ्या कानात बोलतात. कोणाचा बाप गेलेला असतो, कोणाला खाट मिळत नसते, कोणी उगाच शिव्या देतो. ऐकते. सुटल्यावर रस्ता ऐकत येते. ही गाडी, ती पायरी, हा उघडा दरवाजा. घरी आले की दूध उतू चाललंय का ते ऐकते. तुम्ही लोक डोळे मिटून पडता ना घटकाभर? माझे कान अठरा वर्षांत एकदाही मिटलेले नाहीत. त्या दिवशी पुलापर्यंत मिटले होते. पडले, पण काय बरं वाटलं म्हणून सांगू.”

उशीच्या अभ्र्याचा दोरा वहिनीने दाताने तोडला, तो आवाज ताईला आला.

“आठवड्यातले किती दिवस?” वहिनीने विचारलं.

“तीन तुझे, तीन माझे.”

“आणि रविवार?”

“रविवारी झोपायचं.”

“तुमच्या दिवशी मी काय करू? तोंड शिवून घेऊ?”

“साठवून ठेव. दुसऱ्या दिवशी दुप्पट बोल.”

वहिनी खुदकन हसली, आणि व्यवहार ठरला.

पहिली अडचण निघाली ती दोरीचीच. कापडी दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. ताईला बाहेरच्या बाजूला वळवायचं तर ढकलणार कशाने? वहिनीने दोन दिवस डोकं लढवलं आणि कॉलरमध्ये घालतात तो कडक कॅनव्हास तीन पदरी आत घालून नवी पट्टी शिवली. वाकेल पण मोडणार नाही, मनगटाची हालचाल जशीच्या तशी पलीकडे पोचेल, अशी. फाशांच्या आतून मऊ कापड लावलं, घामाने कातडी सोलू नये म्हणून. मग खुणा ठरल्या. पट्टी वहिनीकडे ओढली की वहिनीच्या बाजूला वळायचं. ढकलली की पलीकडे. वर उचलली की पाय उचल, पायरी आहे. खाली दाबली की सावकाश. आणि खाली जोरात झटका दिला की आहे तिथे खांबासारखं उभं राहायचं, एक पाऊल पुढे नाही.

सराव घरातून सुरू झाला. दादा कामाला गेला की दोघी बोळातून, जिन्यावरून, खाटेला वळसा घालून फिरायच्या. ताईच्या कानात गाणी, वहिनीच्या ओठांची घट्ट मिटलेली रेघ. स्टुलं, बादल्या, चपलांचे ढीग असे अडथळे मांडायचे आणि त्यांतून वाट काढायची. पहिल्या आठवड्यात ताईच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. वहिनीला तर प्रत्येक वेळी “अगं बाई!” म्हणायची इतकी सवय की खूण द्यायची राहून जायची. ताई प्रत्येक धडकेनंतर इअरफोन काढून एवढंच म्हणायची, “पुन्हा.”

एका रविवारी दादा गाडीची कागदपत्रं विसरला म्हणून दुपारीच परत आला. दारात पाहतो तर बायको आणि बहीण एकमेकींना बांधून घेऊन बादल्यांमधून नाचतायत.

“हे काय चाललंय?”

वहिनीने खाली झटका दिला. ताई जागच्या जागी थांबली.

सगळं कळल्यावर दादा म्हणाला, “नाही म्हणजे नाही.”

“तुझ्या शिकाऊंना तू गाडीत न बसवताच नापास करतोस का रे?” ताईने विचारलं.

“त्याचा इथे काय संबंध?”

“परीक्षा घे. नापास झालो तर पुन्हा इअरफोनला हात लावणार नाही. शब्द देते.”

दादा पेचात सापडला. परीक्षा नाकारणं त्याच्या धंद्याला शोभलं नसतं. “शनिवारी सकाळी मैदानावर,” तो म्हणाला.

शनिवारी त्याने मैदानावर लाल शंकू मांडले. वळणं, अरुंद वाट, मध्ये एक लाकडी फळी पायरीसारखी. मनातून त्याची खात्री होती की खेळ दहा मिनिटांत आटपेल. “आधी गाण्यांशिवाय पळा,” तो म्हणाला. “रोज पळता तशा, तोंडाने सांगत. मला फरक बघायचाय.”

दोघी निघाल्या. पहिलं वळण आलं. “उजवीकडे!” वहिनी ओरडली आणि स्वतः डावीकडे वळली. ताई शंकूवर.

इथे एक सांगायला हवं. वहिनीला डावं-उजवं कळत नसे. म्हणजे कळे, पण घाईत तोंडातून नेमकं उलटं निघे. दादाने लग्नानंतर तिला गाडी शिकवायला घेतली होती आणि नवव्या दिवशी, एका भिंतीपाशी, हात टेकले होते. कालव्याचा रस्ता सरळसोट असल्यामुळे इतके महिने निभावलं होतं. मैदानावर मात्र तिसऱ्या वळणापर्यंत चार शंकू पडले, आणि शेवटाला वहिनी “इकडे, नाही नाही, तिकडे!” करत स्वतःच एका शंकूत पाय अडकवून बसली.

“झालं?” दादा म्हणाला.

“अर्धं झालं,” ताई म्हणाली. तिने गुडघ्याची माती झटकली, इअरफोन घातले आणि गाणं लावलं, तेच ढोलवालं. मग मनगटातला फासा नीट केला आणि हात पुढे केला.

वहिनीचं तोंड यावेळी बंद होतं. आणि झालं असं, की तोंड चुकत होतं तिथे हातांनी चुकायचं काही कारणच नव्हतं. आपल्याकडे ओढायचं किंवा दूर ढकलायचं. त्यात ना डावं, ना उजवं. वीस वर्षं कापड सुईखाली वळवणारे हात ते. कापड किती दाबायचं, किती सोडायचं, हे त्यांना विचार न करता येत होतं. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. फळीशी पट्टी वर उचलली गेली आणि ताईचा पाय अलगद वर पडला. अरुंद वाटेत एका शंकूला ताईची पोटरी घासली, तो डुगडुगला, पण पडला नाही.

दादा बघत राहिला. पण तोही जातिवंत परीक्षक. शेवटच्या सरळ पट्ट्यात त्याने काही न सांगता गाडीचं जुनं टायर दोघींच्या वाटेवर आडवं सोडून दिलं.

झटका खाली आला. ताई थांबली. पाय रोवून, हात बाजूला, मान ताठ. टायर तिच्यापासून दोन हातांवरून गडगडत गेलं. तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही. काय आडवं आलंय, किती वेळ थांबायचंय, काहीच ठाऊक नाही. कानात ढोल, आणि चेहऱ्यावर ना भीती, ना घाई. बसस्टॉपवर बस येईलच अशा खात्रीने उभं असलेल्या माणसाचा असतो, तसा चेहरा. दादाने आपल्या बहिणीला इतक्या वर्षांत असं स्वस्थ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. घरातसुद्धा तिची मान सदा किंचित कललेली असायची, कुठून काय येतंय ते टिपत.

पट्टी सैल झाली तशी ती पुन्हा पळायला लागली.

“ठीक आहे,” दोघी जवळ आल्यावर दादा म्हणाला.

ताईने एक कान मोकळा केला. “काय म्हणालास?”

“ठीक आहे म्हटलं.”

“ठीक आहे नाही. पास म्हण.”

“पास,” दादा म्हणाला आणि शंकू गोळा करायला गेला. वहिनीला वाटलं, त्याने डोळे पुसले. तिने ते लगेच ताईला सांगितलं. दादा लांबून ओरडला, “धूळ गेली!”

त्यानंतरच्या मंगळवारी ताईचा पहिला दिवस होता. कालव्याचा रस्ता पाण्याच्या टाकीपर्यंत चार किलोमीटर जातो. जाऊन येऊन आठ. तेवढं त्या दोघी कधी पळाल्या नव्हत्या, पण ताईने आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं की टाकीला हात लावून यायचं.

पुलाची पायरी आली. पट्टी वर उचलली गेली, पाय वर गेला, आणि ताईला पुढे गेल्यावर कळलं की आपण पूल ओलांडला. मग एकामागून एक गाणी. काही ठेक्यात बसत होती, काही पायांशी भांडत होती. एका संथ गाण्यात तर पाय एवढे जड झाले की तिने ते निम्म्यातच बदललं. अडीच किलोमीटरनंतर पोटात कळ आली. गाणं पळतं आणि आपण मागे जातो, हे काही सगळं खरं नव्हतं. कळ आपलीच असते. दम आपलाच लागतो. पण त्या दमाचा आवाज ऐकू येत नव्हता, आणि आवाज नसलेल्या दमाला ती फारशी भीक घालत नव्हती. एका जागी पट्टी ढकलली गेली, मग परत ओढली गेली. कोणाला तरी त्यांनी मागे टाकलं होतं.

टाकीच्या गार भिंतीला हात लागला तेव्हा तिने दोन खोल श्वास घेतले आणि लगेच वळली. परतीच्या शेवटच्या किलोमीटरला वहिनीचीच पट्टी जड यायला लागली. ती मागे पडत होती. यासाठी काही खूण ठरलेली नव्हती. ताईने वेग थोडा कमी केला, पण थांबली नाही. पट्टी ताठ धरून, अक्षरशः ओढत, तिने वहिनीला घरच्या कोपऱ्यापर्यंत आणलं.

तिथे तिने इअरफोन काढले. सगळं जग एकदम कानात शिरलं. पाण्याची खळखळ, कुठेतरी शटर वर गेल्याचा आवाज, आणि शेजारी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकणारी वहिनी. रोजचेच आवाज, पण धुऊन काढल्यासारखे.

“अहो वन्सं,” वहिनीला श्वास पुरत नव्हता, “तो तुमचा फार्मासिस्ट! पुढे पळत होता. मी ‘बाजूला, बाजूला’ ओरडतेय, तर त्या डोळसाला ढिम्म ऐकू येईना. शेवटी पाठीत बोट खुपसलं. असा दचकला!”

“आज माझा दिवस आहे,” ताई म्हणाली.

“तुमचा दिवस पळताना. आता पळून झालं.” आणि वहिनीने साठवलेलं सगळं काढलं. टाकीवर कोणी काय लिहिलंय, कोणाच्या कुत्र्याने काय केलं, दुसऱ्या किलोमीटरला आपल्याला काय आठवलं. घराच्या पायऱ्या चढेपर्यंत ती बोलत होती आणि ताई ऐकत होती, मनापासून, मध्ये मध्ये खोदून विचारत.

दादा गाडी पुसत होता. “किती झालं?”

“आठ,” दोघी एकदम म्हणाल्या.

“टाकीच्या पुढे जाऊ नका मात्र. तिथून रस्ता कच्चा आहे. सगळी खडी.”

ताई पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. ती थांबली.

“वहिनी,” ती म्हणाली, “खडीला काय खूण ठेवायची गं?”